जुन्या लाल गाडीला क्रीम लावण्याआधी एक पांढरा फडका घ्या

तुमचा प्रश्न वाचला. वडिलांनी घेतलेली २००७ची लाल मारुती ८००, २०२२ला पुन्हा पासिंग करून घेतलेली, इंजिन ठणठणीत. पण बॉनेट आणि टप गुलाबी-पांढरट पडलेत, हात फिरवला तर भुकटी लागते. दारं त्यामानाने बरी आहेत. पेंटर म्हणतो पूर्ण गाडी रंगवा, कोटिंगवाला म्हणतो सिरॅमिक (रंगावर बसणारा कडक पारदर्शक थर) मारा, काचेसारखी होईल. आणि तुम्ही विचारताय की घरच्या ड्रिलला गोल स्पंज बसवून रबिंग केलं तर कुठली क्रीम आणू, दसऱ्याच्या पूजेपर्यंत गाडी लखलखीत व्हायला हवी.

क्रीम कुठली, हे सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी ठरवायचं ते असं: बॉनेटवरचा रंग मळलाय, वाळलाय, की संपलाय? तिन्ही लांबून सारखेच दिसतात. मळला असेल तर धुऊन निघेल. वाळला असेल तर पॉलिशने परत येईल. संपला असेल तर कितीही भारी बाटली आणा, खालचा प्रायमर (रंगाआधी पत्र्यावर मारतात तो अस्तराचा थर) तेवढा चमकवाल.

मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात हाताखालचा पोरगा म्हणून लागलो. पहिली दोन वर्षं बादलीत हात बुडवून वॉटर पेपर (पाण्यासोबत घासायचा पॉलिश पेपर) मारण्यातच गेली. आता बरीच वर्षं फक्त पॉलिश आणि सफाईचं काम करतो, आणि त्यात जुन्या गाड्याच जास्त. त्यामुळे खाली जे लिहितोय ते हाताने केलेलं आहे, काही चुकूनही केलेलं आहे.

आधी एक आकडा डोक्यात ठेवा. कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून वरच्या थरापर्यंतचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. झेरॉक्सचा कागद चिमटीत धरून बघा, तो साधारण १०० मायक्रॉनचा. म्हणजे पत्रा आणि ऊन-पाऊस यांच्यामध्ये जेमतेम एक कागद आहे, आणि त्यातलाही वरचा निम्म्याहून कमी भागच पॉलिशवाल्याच्या हातात असतो. पॉलिश म्हणजे चमक लावणं, असा समज आहे. खरं तर आपण बारीक कणांनी वरचा थर खरवडून काढत असतो आणि खालचा ताजा थर उघडा पाडतो. सहाणेवर चंदनाचं खोड झिजतं तसं हे आहे. दर वेळी वास छान येतो, पण खोड कमी होतंच. हलक्या हाताने केलेल्या पॉलिशमध्ये एक-दोन मायक्रॉन जातात, जाड कंपाउंड आणि वेगाच्या मशिनने त्याच्या कितीतरी पट. तुमच्या गाडीला आत्तापर्यंत किती जणांनी किती वेळा रबिंग केलंय, हे तुम्हालाही माहीत नाही. वडिलांना विचारा. दर दिवाळीला गॅरेजात 'रबिंग मारून' घेत असतील तर पुढचं सगळं जपून करायला लागेल.

आता फडका. दोन प्रकारचे रंग असतात. एकात रंगावर पारदर्शक थर असतो, गॅरेजात त्याला कुणी लॅकर म्हणतं, कुणी क्लिअर. मेटॅलिक रंगाच्या गाड्यांना तो असतोच. दुसऱ्यात वेगळा थर नसतो, रंगच वरपर्यंत. जुन्या साध्या लाल-पांढऱ्या गाड्यांत, आणि बाहेर गॅरेजात रंगवलेल्यांत, हा बऱ्याचदा सापडतो. ओळखायची रीत सोपी. बॉनेटचा कोपऱ्यातला वीतभर भाग धुऊन कोरडा करा. पांढऱ्या सुती कापडाला थोडं पॉलिश लावून दहा-बारा वेळा चोळा. कापडावर लाल किंवा गुलाबी उतरलं तर वर लॅकर नाही. कापड मळकट-करडं झालं पण लाल नाही, तर लॅकर आहे. तुम्ही भुकटी हाताला लागते असं लिहिलंय. ती गुलाबी असेल, तर माझा कौल लॅकर नसलेल्या रंगाकडे आहे. आणि ही चांगली बातमी आहे.

चांगली का, ते सांगतो. रंगात दोन गोष्टी असतात, रंगाचे कण आणि त्यांना धरून ठेवणारी राळ. उन्हातले अतिनील किरण वर्षानुवर्षं ही राळ तोडतात. राळ गेली की कण मोकळे होतात, तीच तुमच्या हाताला लागणारी भुकटी. पृष्ठभाग खडबडीत झाला की त्यावरून उजेड सरळ परतत नाही, विखुरतो, म्हणून लाल गाडी पांढरट दिसते. टपावर आणि बॉनेटवर ऊन थेट पडतं म्हणून ते आधी जातात, दारं मागे राहतात. पण हा मेलेला थर फार पातळ असतो. तो अलगद काढला की खाली २००७चा लाल तसाच बसलेला असतो. गिऱ्हाईक बघत असताना अशा बॉनेटचा अर्धाच भाग काढून दाखवायची मला वाईट खोड आहे. माणूस गप्पच होतो.

लॅकरवाल्या गाडीचं उलटं. तिथे पांढरे डाग पडून पापुद्रे सुटायला लागले, उन्हाने भाजलेल्या कातडीची सालपटं निघतात तसे, तर समजायचं की खेळ संपला. कडेला नख लावलं की पापुद्रा उचलला जातो. त्यावर पॉलिश चालत नाही, कोटिंगही नाही. तेवढा भाग घासून रंगवणं हाच उपाय.

एक गोष्ट मी लांबून सांगू शकत नाही: गाडी आधी कुठे रंगवलेली आहे का. तुम्हीच बघा. दारांच्या आणि काचांच्या रबरांवर लाल फवारा उडालाय का? बोल्टच्या डोक्यांवर रंग आहे का? दार उघडल्यावर आतल्या चौकटीचा लाल आणि बाहेरचा लाल वेगळे वाटतात का? फ्रिजवरचा छोटा लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे तो सैल पडतो, तिथे खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे. आमच्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र असतं, ते तुम्ही एका गाडीसाठी घेऊ नका. पण ओळखीच्या डिटेलिंगवाल्याकडे (गाड्यांची पॉलिश-सफाई करणाऱ्याकडे) असेल तर पाच मिनिटांत आकडे कळतात. बॉनेटवर साठ-सत्तर निघाले तर मशिन लावू नका, हातानेच करा. दोनशेच्या पुढे गेले तर ते रंगकाम नंतरचं आहे.

आता धुण्याकडे येऊ. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण जुन्या गाडीवर जे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात, त्यातले बहुतेक धुताना आणि पुसतानाच पडलेले असतात. तुम्ही सांगलीकडचे, साखर कारखाना दोन कोसांवर, गाडी अंगणात उघडी. म्हणजे गळीत हंगामात सकाळी बॉनेटवर काळी काजळी पडलेली असणार. ती बघून माणूस पहिली गोष्ट काय करतो? दारामागचा पिवळा फडका काढतो आणि झटकतो. ती बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख म्हणजे पॉलिश पेपरच समजा. कोरड्या फडक्याने गाडी पुसणं आजपासून बंद. काजळी असो वा धूळ, आधी पाण्याने वाहून जाऊ द्यायची, मग हात लावायचा.

दोन बादल्या घ्या. एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मऊ मिट (धुण्याचा हातमोजा) किंवा जाड मायक्रोफायबर कापड शॅम्पूत बुडवा, टपापासून खाली या, आणि परत शॅम्पूत बुडवायच्या आधी साध्या पाण्यात खळबळून घ्या. चाकं आणि खालचे पट्टे सगळ्यात शेवटी, वेगळ्या कापडाने. कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण एरवी वापरू नका, ते संरक्षण धुऊन नेतात आणि रबरं कोरडी पाडतात. आणि 'डिझेल वॉश' म्हणून खालून डिझेल मारून घेण्याची जी पद्धत आहे, ती सोडा. पत्रा काळा चमकतो खरा, पण बुश आणि रबराच्या नळ्या फुगतात.

बोअरचं पाणी असेल तर ते गाडीवर वाळू देऊ नका. थेंब वाळला की क्षार तिथेच बसतात, गोल पांढरे डाग पडतात. सकाळी आठच्या आत किंवा उन्हं कलल्यावर, सावलीत धुवा आणि एकेक भाग धुऊन लगेच टिपा. टिपा म्हणतोय, घासा नाही. जुने क्षाराचे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून कापडाने मिनिटभर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. काचेवर हे छान चालतं. लाल रंगावर आधी कोपऱ्यात करून बघा.

धुऊन झालं की एक गंमत करा. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि ओल्या टपावरून बोटं फिरवा. नुसत्या हाताला जे गुळगुळीत वाटतं, तेच पिशवीतून बारीक रव्यासारखं लागेल. ती चिकटलेली घाण: झाडाचा चीक, डांबराचे ठिपके, ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण. उद्यमनगरात भट्ट्यांच्या आसपास उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाड्यांवर तर नारिंगी ठिपके मोजता येतात. लोखंड काढायचं द्रावण मारलं की ते जांभळं होऊन ओघळतं, बघायला मजा येते. तुमच्या गाडीला ते चाकांपुरतं पुरे. बाकीसाठी क्ले बार. चिकणमातीसारखा मऊ गोळा असतो. पाण्यात चार थेंब शॅम्पू टाकून पत्रा ओला ठेवायचा आणि गोळा जोर न लावता पुढे-मागे सरकवायचा. सुरुवातीला अडखळतो, मग सुळकन जायला लागतो. तिथे थांबायचं. घडी घालत नवी बाजू वर घ्यायची. गोळा जमिनीवर पडला तर फेकून द्यायचा, धुऊन परत वापरायचा नाही. त्यात रुतलेला एक खडा अख्ख्या दारावर रेघ ओढतो.

ड्रिलचं आता स्पष्ट सांगतो: नको. ड्रिल एकाच आसाभोवती गोल फिरतं. स्पंजच्या कडेला वेग आणि उष्णता दोन्ही जास्त, आणि हाताला त्याचा अंदाज येत नाही. स्पंज सुटला तर मधला धातू सरळ पत्र्यावर. गॅरेजात जे मोठं रोटरी मशिन असतं, तेही याच तत्त्वावर चालतं, फक्त तिथे हात सरावलेला असतो. आणि तो सरावण्याआधी काय होतं ते माझ्याकडून ऐका. शिकाऊ असताना एका काळ्या गाडीच्या बॉनेटवर, जिथे पत्र्याला धारदार बॉडी लाइन असते, तिथे मी मशिन दोन सेकंद जास्त ठेवलं. वास आधी आला, मग दिसलं. काळ्याच्या मध्ये बोटभर लांबीची करडी रेघ, प्रायमर उघडा. कडांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बॉनेट परत रंगवून दिलं, पगारातून कापलं गेलं. तेव्हापासून कुठलीही कड, कोपरा, बॉडी लाइन दिसली की मी आधी त्यावर मास्किंग टेप लावतो. तुम्हीही लावा. काळ्या प्लॅस्टिकवर, रबरावर, बंपरच्या जोडावरही लावा, कारण पॉलिश वाळून त्यात बसलं की पांढरे डाग महिनोन्महिने जात नाहीत.

तुमच्या गाडीवर मी असतो तर पहिला हात हातानेच मारला असता. छोटी गाडी आहे, बॉनेट आणि टप मिळून एका रविवारचं काम. मध्यम कडक पॉलिश घ्या, जाड रबिंग कंपाउंड नको. भुकटी झालेला रंग पॉलिशमधलं तेल तहानलेल्यासारखा पितो, म्हणून तेलकट, सावकाश वाळणारं पॉलिश बरं. नुसतंच 'चमक' देणाऱ्या लोशनमध्ये घासणारे कण नसतात, ते ओरखडे तेवढे भरून झाकतं आणि दोन धुण्यांत सगळं उघडं पडतं. बाटलीवर कण आहेत की फक्त मेण, हे वाचून घ्या.

बॉनेटचा दीड फुटाचा चौकोन टेपने आखून घ्या. स्पंजच्या पॅडवर रुपयाएवढं पॉलिश. सरळ रेषेत, आधी उभं मग आडवं, मध्यम दाबाने दोन-तीन मिनिटं. पॅड लगेच लाल होईल. घाबरू नका, तो मेलेला थर निघतोय. पण तेच लाल-गुलाबी पुन्हा पत्र्यावर घासत बसलात तर उपयोग नाही, म्हणून पॅडची बाजू बदलत राहा. चार-पाच पॅड हाताशी ठेवा, दोनने भागत नाही. मग स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा आणि टेपच्या आतला व बाहेरचा रंग शेजारी-शेजारी बघा. आतला चौकोन खोल लाल झाला? मग हीच बाटली, हाच दाब, पूर्ण गाडीला. अजून पांढरट आहे? तोच हात आणखी एकदा. तिसऱ्यांदाही फरक नाही, तरच जास्त कडक पॉलिशचा विचार. चालेल एवढं मऊ साधन आधी, कडक नंतर, हा क्रम मोडायचा नाही. आणि चौकोनात कुठे करडा किंवा पिवळसर रंग डोकावला तर हात तिथेच उचला. तो प्रायमर आहे.

मशिनच हवं असेल तर डीए घ्या किंवा भाड्याने आणा. डीए म्हणजे पॅड गोल फिरतो आणि सोबत हेलकावेही खातो, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही. जोर जास्त झाला तर फिरणंच थांबतं, नवख्यासाठी हीच त्याची खुबी. पॅडमागच्या प्लेटवर मार्करने एक रेघ ओढा. रेघ फिरताना दिसली पाहिजे. दिसायची थांबली की दाब जास्त झाला. पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके, हळू वेगावर आधी पसरवून घ्या मग वेग वाढवा. सेकंदाला इंचभर सरका, निम्मा पट्टा मागच्या पट्ट्यावर येऊ द्या. पत्रा हाताला कोमट लागला तर ठीक, चटका लागला तर थांबा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर तर सुरूच करू नका, पॉलिश क्षणात वाळतं आणि धूळ होऊन उडतं.

झालेलं काम संध्याकाळी मोबाइलच्या टॉर्चने तिरक्या कोनातून बघा. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत बसून फसवतं, म्हणून एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार भाग पाणी असं फवारून पुसा, मग जे दिसेल ते खरं. रंग गॅरेजात मारलेला असल्याचा संशय असेल तर आधी आडोशाच्या जागी करून बघा, काही स्वस्त रंग अल्कोहोलने मऊ पडतात. उरलेल्या ओरखड्यांवर नख फिरवा. नख अडलं तर तो ओरखडा पॉलिशने जाणारा नाही. त्याला टच-अप द्या किंवा राहू द्या. मी बहुतेकांना राहू द्या म्हणतो. वडिलांची गाडी आहे, शोरूमची नाही.

आता कोटिंगवाल्याचं. कोटिंग वाईट नाही, मी स्वतः करतो. पण ते फोटोवर काच बसवल्यासारखं आहे, फोटो फाटका असेल तर काचेखाली फाटकाच दिसणार. भुकटी झालेल्या रंगावर थेट कोटिंग मारणं म्हणजे ती भुकटीच पक्की करणं. आधी पॉलिश करून देतो म्हणाले तर प्रश्न इतकाच उरतो की ही किंमत या गाडीला शोभते का. माझ्या मते नाकापेक्षा मोती जड. त्याऐवजी एक बाटली सिंथेटिक सीलंट (मेणासारखं लावायचं, पण कृत्रिम संरक्षण) घ्या. पॉलिश झाल्यावर पातळ हात, वाळला की पुसून काढा. कार्नोबा मेण (ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून येतं) लाल रंगावर फार उबदार दिसतं, मलाही आवडतं, पण आपल्या उन्हात ते काही आठवडेच टिकतं. पूजेच्या आदल्या दिवशी हौसेने लावा, भरवसा सीलंटवर ठेवा. सीलंट वर्षातून तीनदा लावायचं: उन्हाळ्याच्या तोंडावर, पावसाआधी आणि पावसानंतर. लॅकर नसलेल्या रंगाला हे चुकवून चालत नाही, सहा महिने उघडा ठेवलात की भुकटी परत येईल आणि पुन्हा घासायला लागेल. एक जाडसर ताडपत्री बांधून शेड केलीत तर माझ्या सगळ्या बाटल्यांपेक्षा जास्त उपयोग होईल. गाडीवर थेट कव्हर घालणार असाल तर गाडी धुतलेली हवी, धुळीवर कव्हर वाऱ्याने हलत राहिलं तर तेही घासतंच.

आणि पेंटर. तो खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. बॉनेटवर रंग खरंच संपला असेल तर त्याच्याकडे जावं लागेलच. पण तेव्हाही पूर्ण गाडी नाही, बॉनेट आणि टप एवढंच. आणि एक गोष्ट पेंटर सहसा सांगत नाहीत: आधी सगळ्या गाडीला पॉलिश करून घ्या, मग शेड जुळवायला सांगा. पांढरट पडलेल्या दाराशी जुळवून बॉनेट रंगवलं आणि नंतर कधी दारं पॉलिश केली, तर गाडी दुरंगी होते. लालमध्ये तर हे लगेच नजरेत भरतं. म्हणून रंगवायचं असो वा नसो, पॉलिश आधीच येतं. हौसेने दुसरा रंग द्यायचा विचार असेल तर आरसीत रंगाची नोंद असते हे विसरू नका, ती बदलून घ्यावी लागते.

बाकीचं भराभर. चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि आतल्या मॅट उचलून फरशी बघा. रंगाला फोड आलेला असेल तर खाली गंज आहे, त्यावर पॉलिश म्हणजे वरून कीर्तन आतून तमाशा. फोड खरवडून, गंज काढून, प्रायमर लावून मगच पुढचं. दारांच्या तळाला पाणी निचरायची भोकं असतात, ती मातीने बुजतात, काडीने मोकळी करा. निम्मा गंज तिथूनच सुरू होतो. हेडलाइटवर नखाने टिचकी मारा. काच असेल तर खणखणीत वाजेल, धुऊन पुसून झालं. प्लॅस्टिक असून पिवळं पडलं असेल तर ८००, मग १५००, मग ३००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासोबत, त्यावर पॉलिश, आणि शेवटी अतिनील किरण अडवणारा थर. हा शेवटचा थर वगळला तर काही महिन्यांत परत पिवळं. टूथपेस्टने होतं म्हणतात ते याच कारणाने टिकत नाही. पुढच्या, २०२७च्या पासिंगला तुमची चमक कोणी विचारणार नाही, पण गंज आणि दिवे नक्की बघतील. इंजिनवर प्रेशरने पाणी मारू नका. डॅशबोर्डला चकचकीत सिलिकॉन नको, उन्हात काचेवर प्रतिबिंब पडतं आणि धूळ चिकटते. ओलसर मायक्रोफायबर पुरे.

वेळेचं गणित सांगतो. पितृपक्षात गॅरेजं निवांत असतात, तेव्हाच जाडी मोजून घ्या आणि धुणं, क्ले एवढं उरका. पावसाची उघडीप बघून पुढच्या रविवारी बॉनेट-टप, त्याच्या पुढच्या रविवारी दारं, डिकी आणि सीलंट. एका दिवसात सगळं करायला गेलात तर संध्याकाळी हात थकतो आणि शेवटच्या दारावर चूक होते. माझी तरी दर वेळी तिथेच झाली आहे.

आणि पूजेचं. झेंडूचा हार तारेत ओवलेला घेऊ नका, दोऱ्यातला घ्या. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे ज्या गाड्या येतात, त्यातल्या कित्येकांच्या बॉनेटवर वाऱ्याने हललेल्या तारेच्या बारीक चंद्रकोरी असतात. कुंकवाचं स्वस्तिक ताज्या पॉलिश केलेल्या बॉनेटवर काढण्यापेक्षा काचेवर काढा, ओलं कुंकू वाळलं की रंगात मुरतं. घरच्या मोठ्यांनी बॉनेटवरच हवं म्हटलं तर काढू द्या, पण त्याच संध्याकाळी पाण्याने सोडवून टाका.

पांढऱ्या फडक्याची परीक्षा उद्याच करा आणि कापडाचा फोटो टाका. लाल उतरलं असेल तर कुठलं पॉलिश ते सांगतो. काहीच उतरलं नाही आणि कडेला सालपटं सुटत असतील, तर बाटलीचे पैसे वाचवा. दारांना हलकं पॉलिश आणि बॉनेटसाठी चांगला पेंटर, असं बघू.